जीपची हवा

शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरात तीन खोल्या भाड्यानं दिलेल्या, आणि सगळ्यांना बाहेर पडायला गेट एकच. तेही बाहेर उघडणारं. 'गेटसमोर गाडी लावू नये' असं मी त्यावर लाल रंगात लिहून घेतलं होतं, पण वाचतंय कोण! कुणीतरी तीन दिवस रोज तिथंच जीप चिकटवून बाजारात पसार. काचेवर पुढाऱ्याचा फोटो, त्यामुळं तोंडावर बोलायची माझी छाती नव्हती. चिठ्ठी अडकवली, तर ती चुरगळून आमच्याच अंगणात आली.

तिसऱ्या दुपारी माझं टाळकं सटकलं. आमच्या गल्लीत असल्या गाडीला एकच औषध, हवा सोडायची. कुणी बघितलं तर घरात घुसून मारतील, ही भीती होतीच. तरी मी काटकुळी बाई वीतभर उघडलेल्या गेटातून तिरकी होऊन बाहेर गेले, केसातल्या पिनेनं पुढच्या दोन्ही चाकांची हवा सोडली आणि व्हॉल्व्हची टोपणं मुठीत धरून आत पळाले.

थोड्याच वेळात मागच्या खोलीतली पोरगी पोट धरून दारात आली. कुंभारी गावची, पहिलटकरीण, नववा महिना. नवरा चिंचोळीला कामावर.

"मावशी, लई दुकतंय वो. दवाखान्यात न्या की!"

मी फोन करून रिक्षा बोलावली. रिक्षा आली, पण गेट तेवढंच उघडतंय. तिचं पोट त्यातून निघणार कसं? रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवून गल्ली गोळा केली, तसा जीपवालाही धावत आला. "चुकलं काकू, आत्ता काढतो," म्हणत जीपमध्ये बसला. पुढं विजेचा खांब, मागं दुसऱ्याची गाडी, आणि बसलेल्या चाकांनी स्टिअरिंग काही वळेना.

"कुणी केलं ओ हे?" तो ओरडला. टोपणं माझ्या मुठीतच होती. मी मूठ पदराआड नेली. आत ती गुरासारखी ओरडत होती आणि मी देवाला म्हणत होते, माझं काय व्हायचं ते होऊ दे, हिला सोडव.

शेवटी दहा-बाराजणांनी जीपचं तोंड उचलून सरकवलं. दवाखान्यात पोचल्या पोचल्या पोरगी झाली. दोघी सुखरूप.

बारशाला तिनं बाळ माझ्या मांडीवर ठेवलं. म्हणाली, "मावशी, ज्यानं हवा सोडली त्याचं वाटुळं होऊ दे."

बाळानं माझं बोट धरलं होतं. मी "व्हय" म्हणाले.