जुडी बांधणारे हात

कोथिंबिरीचा ओला वास आला की मला अजून तो दवाखानाच आठवतो. मेंदूत रक्तस्राव होऊन वडील बेशुद्ध पडले होते, आणि आत कुठे त्यांना काही कळतंय की नाही हे कोणी धड सांगत नव्हतं. डॉक्टर रोज येऊन "बाबा, माझा हात दाबा" म्हणायचे, वडील हलायचे नाहीत, डॉक्टर पुढच्या कॉटकडे वळायचे. शेवटी एका सकाळी आईने मखमलाबादच्या मळ्यातली कोथिंबीर पदराखाली लपवून आणली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. "आवो, आपल्या मळ्यातली हाय," ती म्हणाली. त्यांची बोटं हळूच मिटली, देठं जुळवली, आणि अंगठा सुतळीचा वेढा दिल्यासारखा फिरला. "बघ, जुडी बांधत्यात! समजतंय त्यांना!" आईला रडू आणि हसू एकदमच आलं. मी धावत जाऊन डॉक्टरांना आणलं. त्यांनी पाहिलं आणि म्हणाले, "ताई, ही हातांची सवय आहे. त्यावरून त्यांना कळतंय असं नाही म्हणता येत." "मग कशावरून म्हणायचं, ते तरी सांगा ना!" मी अख्ख्या वॉर्डासमोर ओरडले. ते पुढच्या कॉटकडे वळले. वडील गेले ते तसेच, आणि मी मात्र त्या डॉक्टरांवरचा राग इतकी वर्षं सोडला नाही. आज सकाळीही बाजारासाठी जुड्या बांधताना मी मनातल्या मनात त्यांच्याशीच भांडत होते. भांडण संपवून खाली पाहिलं तर क्रेट काठोकाठ भरलेला, आणि त्यातली एकही जुडी बांधल्याचं मला आठवत नव्हतं.