हाय म्हणजे हाय

आमच्या कंपनीत 'हाय' या एका शब्दापायी एका माणसाची नोकरी जाणार होती.

ती वाचवणारी बाई काल सकाळी गेली.

विद्याताई. एका मोठ्या स्पोर्ट्स चॅनेलच्या प्रॉडक्शन हेड, आमच्या बॉस. मी तिथे मराठी फीडच्या स्क्रिप्ट लिहितो.

बाई कडक होत्या. एकदा मॅचच्या सुरुवातीचं माझं निवेदन वाचून म्हणाल्या, "छान लिहिलंयस. पण बॉल बाउंड्रीला लागला तरी तुझं वाक्य संपत नाही."

तेव्हापासून माझी वाक्यं छोटी आहेत.

त्यांचं इंग्रजी ऐकून आम्हाला त्या पुण्याच्या कॉन्व्हेंटमधल्या वाटायच्या. दरवर्षी ऑफिसात त्यांच्याकडून बेदाण्यांचा बॉक्स यायचा. आम्ही मूठभर उचलायचो आणि कामाला लागायचो. बेदाणे कुठून येतात, हे कुणी विचारलं नव्हतं.

नामदेव आमचा रिप्ले ऑपरेटर. गाव म्हसवड. साताऱ्यात लग्नाचे व्हिडिओ एडिट करता करता मुंबईला आलेला. ही गोष्ट घडली तेव्हा लाईव्ह टीममध्ये नवीन होता.

मॅच चालू असताना आम्हा सगळ्यांच्या कानात एकच लाईन असते. तिला टॉकबॅक म्हणतात. डायरेक्टर विचारतो, आपण एका शब्दात उत्तर द्यायचं. दुसऱ्या शब्दाला वेळ नसतो.

त्या दिवशी रनआउटचा निर्णय थर्ड अंपायरकडे गेला.

आमचा डायरेक्टर विक्रम, दिल्लीचा. त्याने विचारलं, "रिप्ले, साइड अँगल है?"

नामदेव म्हणाला, "हाय."

"अरे भाई, हाय-हॅलो बाद में. अँगल है क्या?"

नामदेव गडबडला. जोरात म्हणाला, "हाय, हाय!"

विक्रमला वाटलं क्लिप उडाली आणि हा ऊर बडवतोय.

त्याने सरळ ब्रेक घेतला. ज्या रिप्लेसाठी सगळा देश थांबला होता, तो साबणाच्या जाहिरातीनंतर दिसला. तोवर लोकांनी आमची सालटी काढली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी डिब्रीफ, म्हणजे कालच्या मॅचमध्ये काय चुकलं त्याची मीटिंग.

आमच्याकडे डिब्रीफला एक माणूस सापडावा लागतो. सापडला की बाकीचे सुटतात. सगळं इंग्रजीत चालतं, आवाज न चढवता. नामदेव भिंतीकडेच्या खुर्चीत बसला होता.

कुणीतरी म्हणालं, कम्युनिकेशन इश्यू आहे. सुधारेपर्यंत त्याला लाईव्हमधून काढून आर्काइव्हला, जुन्या मॅचच्या टेप लावायला टाकू.

लाईव्हमधून काढलेल्याला पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट येत नाही. हे त्या खोलीत सगळ्यांना माहीत होतं. नामदेवलाही.

विद्याताईंनी त्याला विचारलं, "क्लिप होती?"

"होती मॅडम."

"मग तू काय म्हणालास?"

नामदेवने खाली बघितलं. "हाय म्हणालो."

दोघे-तिघे हसले.

विद्याताई हसल्या नाहीत.

"मग बराबर हाय की. असल्यावर 'हाय' न्हाई म्हणायचं तर काय म्हणायचं रं?"

आपल्या बॉसच्या तोंडून काय आलं, हे आम्हाला कळायलाच वेळ लागला.

मग त्यांनी शांतपणे, नेहमीच्या इंग्रजीत सांगितलं, की रिप्लेच्या लाईनवर आजपासून 'हाय' म्हणजे क्लिप तयार आहे, आणि 'न्हाई' म्हणजे नाही. शब्द दोनच आहेत. पाठ करा.

विक्रमने डोकं खाजवलं. "ओके. हाय मतलब है."

"हाय मतलब हाय," विद्याताई म्हणाल्या. "नेक्स्ट पॉइंट."

नामदेव लाईव्हवरच राहिला.

नंतर चहाच्या मशीनपाशी त्याने भीतभीत विचारलं, "मॅडम, तुमी कुठल्या?"

"तासगावची. ते बेदाणे काय दुबईचे वाटले व्हय तुला?"

"आवं, मग इतकी वर्षं कुणाला कळलं कसं न्हाई?"

विद्याताईंनी कप मशीनखाली धरला.

"मी इथं लागले तेव्हा पहिल्याच मीटिंगमध्ये एकानं माझ्या 'व्हय'ची नक्कल केली. सगळी हसली. मीबी हसले. मग ते व्हय तासगावच्या स्टँडवर ठेवून यायला लागले."

त्या दिवसापासून नामदेव त्यांना ताई म्हणायला लागला. मग हळूहळू आम्ही सगळेच.

कंपनी बदलली, असं मी म्हणणार नाही. डिब्रीफ अजून होतं, माणूस अजून शोधला जातो. पण टॉकबॅकवर आता चेन्नईचा कॅमेरामन, चंदीगडची ग्राफिक्सवाली, सगळे 'हाय' म्हणतात. नवीन आलेल्यांना वाटतं हा ब्रॉडकास्टचाच कुठला तरी शब्द असेल.

आजारपणात ताई तासगावला जाऊन राहिल्या. फोन केला की मॅचबद्दल बोलायच्या, दुखण्याबद्दल नाही.

काल सकाळी बातमी आली तेव्हा संध्याकाळच्या मॅचची तयारी चालू होती. आमच्याकडे मॅचच्या दिवशी रजा मागायची पद्धतच नाही. नामदेव मागणारही नव्हता, नुसता मशीनसमोर बसून होता.

विक्रमनेच त्याचा हेडफोन काढून घेतला. "तू जा. रिप्ले पे किसी को बिठाता हूँ."

माझ्या स्क्रिप्ट देऊन झाल्या होत्या. आम्ही दोघे निघालो. तासगावला पोचलो तेव्हा त्यांना स्मशानातल्या ओट्यावर ठेवलं होतं. द्राक्षबागांमधून आलेली माणसं, पावण्यारावळ्यांची गर्दी. आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. आम्ही मागे उभे राहिलो.

ताईंच्या भावाने वाहायची फुलं हातात घेऊन गर्दीकडे बघितलं आणि विचारलं,

"हापिसातलं कोण हाय का?"

नामदेवच्या तोंडून सवयीनं आलं.

"हाय."

लोकांनी वाट दिली. तो पुढे गेला.

निवांत जावा, ताई.