अर्धा निजलेला राक्षस

मे महिन्यातला रविवार, दुपारची जेवणं झाल्यावर. हजर: मोठ्या दिरांचा मुलगा, जो हा गोष्ट रचत फाशांनी खेळायचा खेळ चालवतो आणि राक्षसही तोच होतो, त्याची बहीण, खेळात जादूगारीण, माझा मुलगा, तलवारवाला, आणि मी. माझं काम भांडण मिटवणं.

पुतणी उठून उभी होती. "माका पुरे झाला. आज गेलंय तर परत येवचंय नाय."

सुट्टीत तिघं एकत्र बसतात ती एवढीच वेळ. मी कागद मागवला.

तक्रार अशी. फासा वीस पैलूंचा. तलवार मारणारा फासा स्वतः टाकतो. आगीचा बाण सोडायचा तर पुतणीच टाकते. पण तिने झोपेची जादू केली की फासा टाकतो राक्षस, म्हणजे तिचा भाऊ. ठरलेला आकडा किंवा त्याहून मोठा आला की राक्षस वाचला. तिच्या बहुतेक जादू याच जातीच्या. डाव तिचा, हात भावाचा.

"असं का?" मी पुतण्याला विचारलं.

"काकी, बाणाक नेम लागता. झोपेक नेम कसलो? राक्षस किती दम धरता ता बघूचा."

पटलं. मग तो म्हणाला, आकडा बरोबरीचा, म्हणजे ठरल्याइतकाच, आला तर फासा टाकणारा जिंकतो. तिथे माझं पटणं संपलं. सगळे फासे पुतणीनेच टाकावेत, असं मी लिहिलं. "मगे सगळी बरोबरी तिचीच!" म्हणून तो ओरडला. ते खोडलं.

शेवटी मी आमचा कायदा लावला. रापणीत, म्हणजे गावाने मिळून किनाऱ्यावर जाळं ओढताना, दोरीला हात लावला की वाटा मिळतो, मासळी कितीही कमी येवो. तसंच, राक्षस वाचला तरी अर्धी जादू लागणार. काही आगीच्या जादूंना हा नियम खेळात आधीपासूनच आहे, असं पुतण्याने कबूल केलं. पुतणी बसली. लगेच झोपेची जादू केली. राक्षस वाचला, म्हणून अर्धा निजला.

म्हणजे नक्की काय झालं, ते कुणालाच सांगता येईना.

"एक डोळो मिटलो काय गो?" माझ्या मुलाने विचारलं. "आणि माझी तलवार चुकली, माझो अर्धो वाटो खंय?"

"तुजो हात दोरयेक लागलोच नाय रे," मी म्हटलं.

"मगे हिचो बाण चुकलो तर?"

मी कागदाकडे पाहिलं. बाणाचं उत्तर त्यावर नव्हतं. तलवारीचंही आता होतं की नाही, याची मला खात्री वाटेना.

"काकी, माका ह्योच नियम होयो," पुतणी म्हणाली. "फकत अर्धो निजलेलो राक्षस मारता काय नाय ता सांग. तोसर मी उठाचंय नाय."

त्यानंतर ती प्रत्येक रविवारी येऊन बसली आणि प्रत्येक वेळी तिने हेच विचारलं. अर्ध्या झोपेचा नियम मला अजून लिहायचा आहे.