राखेवर गोल काढणाऱ्या ताई

सरळ रेषेवर माझ्या नणंदेइतका राग साऱ्या नागपुरात कोणी धरला नसेल. ताई केर काढतात तो गोलात, अंगणात पाणी शिंपडतात ते गोलात, आणि स्कूटर वळवताना चौक असा कवेत घेतात की मागच्या रिक्षावाल्याला वाटावं, बाई घरी परत निघाल्या. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा माझी पहिली पोळी त्यांनी ताटात फिरवून फिरवून पाहिली होती. सासूबाई काही बोलायच्या आत त्यांनी निकाल दिला, "काठ चांगला आहे वं. सेंटर हललं." मी घाबरून नवऱ्याकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "काही नाही, ते तिच्या खेळातलं बोलून राहिली."

हा खेळ म्हणजे चाकांवरचं फिगर स्केटिंग. बर्फाशी त्याचा संबंध नाही. नागपुरात बर्फ उसाच्या रसात पडतो तेवढाच. चार चाकांचे बूट घालून, जमिनीवर आखलेल्या गोलावरून एका पायावर, चाकांच्या काठावर तोल धरून फिरायचं, रेघ सोडायची नाही, आणि नंतर संगीतावर उड्या आणि गिरक्या. माझे सासरे कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होते. तिथल्या कॉलनीच्या क्लबात सिमेंटचं बॅडमिंटन कोर्ट होतं, त्यावर ताई शिकल्या. कोणी शिकवलं असं विचारलं तर त्या सांगतात, राखेनं. चिमणीची बारीक राख पहाटेपर्यंत कोर्टावर येऊन बसायची. कॉलनीतल्या बाया त्या राखेच्या नावानं बोटं मोडत वाळलेले कपडे पुन्हा धुवायच्या. ताई मात्र झाडूवाली यायच्या आत कोर्टावर हजर, कारण राखेवर चाकांची खूण उमटायची. पाय कुठे डगमगला, गोल कुठे चेपला, सगळं लख्ख दिसायचं. पुढे राख अडवणारी यंत्रं बसली, सगळी कॉलनी खूश झाली, आणि ताई एकट्याच कुरकुरत राहिल्या, "हवा सुधरली अन् माझा गोल बिघडला."

स्पर्धेत पडलं तरी ताबडतोब उठायचं, हात पसरायचे आणि हसायचं, ही सवय तर त्यांच्या हाडात गेली आहे. एकदा बाजारात फुलकोबीच्या पाल्यावरून त्यांचा पाय सटकला. मी धावत पोचेपर्यंत ताई उठून, दोन्ही हात पसरून, मान उंच करून, सगळे दात दाखवत उभ्या. भाजीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मनगट मोडलंय हे संध्याकाळी सूज आल्यावर कळलं. शिकवताना मात्र चेहऱ्यावर हसू औषधालाही नसतं. महाल भागात एका शाळेच्या मागे सिमेंटचा रिंक आहे. तिथे कमरेवर हात ठेवून त्या पोरांवर खेकसतात, "हास ना गा! मयतीले आला काय?"

त्यांच्या उमेदीच्या काळात त्या राज्यात दुसऱ्या यायच्या. दरवर्षी दुसऱ्या. पहिली यायची ती पुण्याची एक मुलगी. तिचं नाव आमच्या घरात कधी उच्चारलं गेलं नाही. ती नुसती 'पुण्याची'. ती पहिली काहून येते, याची ताईंकडे पुष्कळ कारणं होती. परीक्षक पुण्याचे, संगीत पुण्याचं, फार काय, हॉलचा उतारसुद्धा पुण्याकडे. टीव्हीवर पुण्याच्या पावसाची बातमी लागली तरी ताई आवाज बंद करायच्या. मी या सगळ्याला हसत असे. तीस वर्षांचा हा राग मला घरातल्या एखाद्या जुन्या, निरुपद्रवी माणसासारखा वाटायचा.

मग दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी पुण्याची स्वतःच रिंकवर येऊन उभी राहिली. केस पांढरे, पाठ अजून ताठ. सोबत तिची चौदा वर्षांची मुलगी, ईरा. नवऱ्याची बदली नागपूरला झाली होती. मी त्या दिवशी ताईंचा डबा घेऊन गेले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्यासमोर झालं.

"हिला शिकवशील का?" पुण्याचीनं विचारलं.

"काहून? तू तर पहिली येत होती. तूच शिकव."

"मी शिकवते तेव्हा आम्ही भांडतो. आता तर घरात बोलणंही बंद व्हायला आलंय." तिची नजर जमिनीवरच्या गोलांवर गेली. "आणि खरं सांगू? तुझे गोल माझ्यापेक्षा चांगले होते. मला तेव्हाही माहीत होतं."

"मंग परीक्षकायले काहून नाही सांगितलं तेव्हा?"

पुण्याचीला हसू आवरेना. ताई हसल्या नाहीत. पण ईराकडे वळून म्हणाल्या, "स्केट घाल वं. पाहू दे काठ."

ईरा चांगलीच होती. पण ताईंकडे पायल नावाची एक मुलगीही होती, सावनेरची. वडिलांच्या मोटरसायकलवर मागे बसून, तोंडाला ओढणी बांधून यायची. कमी बोलायची, आणि गोल असा काढायची की ताई पाहता पाहता ओरडायचं विसरायच्या. दोघी एकाच गटात. त्या वर्षी राज्य स्पर्धा नागपूरलाच होती. ताईंनी दोघींना सारखं शिकवलं, सारखं रागावलं. एकीला जास्त वेळ दिला असं त्यांचा शत्रूही म्हणाला नसता. आणि तो शत्रू रोज तिथेच पाण्याची बाटली घेऊन पायरीवर बसलेला असायचा.

पण घरी त्यांना राहवत नव्हतं. स्पर्धेच्या सकाळी त्यांनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "हे पाय, निकाल लागला की तू पुण्याचीचा फोटो काढजो. तिच्या तोंडाचा. दुसरा नंबर कसा लागते ते पाहू दे मले एकदा."

मी म्हटलं, "अहो ताई, पण ईराही तुमचीच ना?"

"ईरा माही आहे. तिची माय नाही."

पायल पहिली आली. ईरा दुसरी. अगदी थोडक्यात, शेवटच्या गिरकीत ईराचा दुसरा पाय किंचित टेकला होता. हॉलमध्ये सावनेरच्या मंडळींनी शिट्ट्या वाजवल्या, पायलच्या वडिलांनी तिला उचलून घेतलं. मी ठरल्याप्रमाणे मोबाइल वर केला आणि पुण्याचीला शोधलं. ती बाकापाशी ईराच्या पुढ्यात उभी होती. हातातली बाटली पुढे करत म्हणत होती, "छान झालं गं. खरंच छान झालं." ईरानं मान फिरवली. आयुष्यभर पहिली आलेल्या त्या बाईला पुढे काय बोलावं ते खरोखर माहीत नव्हतं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर इतकं उघडं दिसत होतं की माझ्याकडून बटण दाबलं जाईना.

तेवढ्यात ताई मधे आल्या. पायलच्या डोक्यावरून हात फिरवून, तिला तिच्या माणसांत सोडून त्या थेट बाकाकडे गेल्या. दुखरे गुडघे टेकून ईराच्या पायांशी खाली बसल्या आणि तिच्या स्केटच्या लेस सोडायला लागल्या. पहिला बूट निघाला आणि ईरा त्यांच्या खांद्यावर कोसळून रडू लागली. बक्षिसांसाठी नाव पुकारेपर्यंत ताई तिथेच होत्या. पुण्याचीकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

घरी जाताना स्कूटरवर मी मागून विचारलं, "ईराला काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? बूट पायात असले की रडू येत नाही वं. छाती गच्च राहते. पहिले बूट काढा लागते." थोडं अंतर गेल्यावर त्या म्हणाल्या, "माह्या शेवटच्या स्पर्धेत बाबा ड्युटीवर होते. मी बूट घालूनच बसून राहिली. हॉल झाडायले बाई आली, तिनं गाठ सोडून देल्ली. म्हणे, पोरी, जा आता घरी. मंग रडली मी. त्याच्यानंतर स्पर्धा नाही खेळली, शिकवायलेच लागली."

"आणि फोटो? मी काढलाच नाही ताई."

"बरं केलं," ताई म्हणाल्या.

यंदा ईराच्या वडिलांची बदली परत पुण्याला झाली. पायल वरच्या गटात गेली, तिच्यावर आता जास्त खेकसणं चालू असतं. ईरा तिकडे दुसऱ्या कोणाकडे शिकते, पण स्पर्धा झाली की तिचा फोन येतो. तिसरी आले, दुसरी आले, पडले. ताई ऐकतात, घोट्याची चौकशी करतात, आणि फोन ठेवून माझ्या हातून चहा घेतात. परवा असाच फोन झाल्यावर मी म्हटलं, "येईल हो ती एक दिवस पहिली."

"येईल ना. काहून नाही येणार?" ताई म्हणाल्या. कपातला चहा थंड होत होता. "त्या दिवशी ते मले फोन नाही करणार, पायजो तू. पहिल्या नंबराले बूट सोडून देणारं कोणी नाही लागत. अन् नाहीच केला पायजे."