पाखरं उडेनात

उंद्रीच्या अलीकडच्या एका खेड्यात मी शाळामास्तर होतो. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. गावामागे तलाव होता आणि माझ्याकडे मेव्हण्याने दिलेला दोन भिंगांचा जुना कॅमेरा. शाळेआधी तासभर मी तलावावर असे. पण फोटो कसले! बगळा म्हणजे पांढरा डाग, टिबुकली म्हणजे काळा डाग, दोन्ही मधोमध आणि दोन्ही हललेले.

मेहकरच्या एका स्टुडिओवाल्याने ते पाहून कपाळाला हात लावला.

"उभ्यानं काऊन काढता, मास्तर? पोटावर झोपा. कॅमेरा रेतीच्या थैलीवर ठेवा, श्वास धरा अन् पाखराचा डोळा पाहा. डोळा साफ तं फोटो साफ. अन् ज्या बाजूले ते पाहून राह्यलं, तिकडं जागा सोडा. त्याले जाऊ द्या ना कुठं तरी!"

मी तसंच करू लागलो. कोपरं चिखलात रुतायची, पण फोटो सुधारले. अडचण अंतराची होती. चाळीस पावलांच्या आत गेलो की शेकाट्या ओरडत उठायचा आणि त्याच्यामागे सगळा तलाव.

कार्तिकात एका सकाळी कोणीच उठलं नाही. मी वीस पावलांवर गेलो. मला वाटलं, ओळखायला लागले आपल्याला. मी खूश होऊन घरी आलो. दुसऱ्या दिवशी ढोकरी दहा पावलांवर बसलेली. काचेत तिच्या पिवळ्या डोळ्याची कड दिसत होती. आख्खा रोल मी तिथेच संपवत आणला. तलावावर एकही आवाज नव्हता, हे जाणवलं होतं. पलीकडे एक शेकाट्या लाल पायांवर झुलत होता. वारा नव्हता. तो झुलायचा थांबेपर्यंत मी श्वास धरून वाट पाहिली आणि बटण दाबलं.

त्या वाट पाहण्याबद्दल मी घरात आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

मागे तलावाचा म्हातारा भोई येऊन उभा होता, खांद्यावर जाळं.

"लय जवळ गेले, गुरुजी."

"उडतच नाहीत, बाबा."

तो सरळ पाण्यात शिरला आणि त्याने ढोकरी हाताने उचलली. तिने पंखसुद्धा हलवला नाही. चोचीला फेस होता. त्याने तिचा वास घेतला, मग माझ्यासमोर धरली. पोळ्यापासून कपाशीच्या वावरांवर फवारणीचा जो उग्र वास असायचा, तोच.

"औषध टाकलं कोणीतरी. मासोया धराले," तो म्हणाला. मग त्याने गावाकडे पाहिलं. "काल सून टोपलंभर घेऊन गेली. तरंगत होत्या म्हणे. काल एकादशी, म्हणून घरी रांधल्या नाही."

जाळं टाकून तो धावला. कॅमेरा तिथेच टाकून मी त्याच्यामागे. मधे दोन वावरं होती आणि त्याच्या घरावरचा धूर आम्हाला सारखा दिसत होता.

चुलीवर कालवण रटरटत होतं. दोन नातवंडं ताटल्या घेऊन बसली होती. म्हाताऱ्याने लाथेने गंज उलथवला.

"मामंजी, काय करून राह्यले!" सून किंचाळली. पोरं रडायला लागली. सांडलेल्यावर दोन कोंबड्या धावल्या. बघता बघता त्यांच्या माना वाकड्या झाल्या, तेव्हा तिने पोरांना मागे ओढलं. मग हळूच म्हणाली, "अर्ध्या कालच शेजारी देल्या."

शेजारचा माणूस दात आवळून पडला होता. त्याची बायको उशाशी बसून होती. "हिव भरलं त्याले," ती म्हणाली. तिने खाल्लं का, विचारलं. "हाव, थोडंसं." आम्ही बैलगाडी जुंपली. नवऱ्याला उचलून ठेवावं लागलं. ती आपल्या पायांनी चढली, दाराला कडी लावून. उंद्रीची एस.टी. गाठायच्या आधी वाटेतच ती गेली. नवरा वाचला, पण त्याचा उजवा हात कायमचा थरथरत राहिला.

औषध कोणी टाकलं, ते कळलं नाही. पाणवनस्पतींत रिकामा डबा सापडला, तो गावात कोणीच आपला म्हटला नाही. रोल धुऊन मी फोटो चौकशीच्या अर्जासोबत तालुक्याला नेले. तिथल्या साहेबांनी एकेक फोटो उजेडात धरून पाहिला. "सुंदर आलेत हो. कॅमेरा कोणता?" अर्ज त्यांनी टेबलावर ठेवला, तो तिथेच राहिला.

मग भोईबाबाच रोज तलावाच्या पाळीवर बसू लागला. हंडे घेऊन येणाऱ्या बायांना, गुरांना माघारी लावायचा. शाळेआधी मीही त्याच्याजवळ जाऊन बसायचो. पौषातल्या एका सकाळी उत्तरेकडून बदकांचा थवा आला आणि तलावावर घिरट्या घालून खाली उतरू लागला. आम्ही दोघंही उठलो, हात उंचावून ओरडत काठाकाठाने पळालो, आणि शेवटचं बदक दिसेनासं होईपर्यंत दगड मारत राहिलो.