सासूबाईंनी ओवाळलेला झिरो टर्न

गवत कापायचं मशीन निवडायला मला तीन महिने लागले आणि माझ्या सासूबाईंना साडेतीन मिनिटं.

माझे सासरे अण्णा यांचं खडवलीला, स्टेशनपासून थोडं आत, लग्नाचं लॉन आहे. दोन एकर हिरवळ, कोपऱ्यात स्टेज, फाटकावर लाइटिंगचे हत्ती. त्या हिरवळीवर आजवर गावोगावची लग्नं लागली, पण अण्णांच्या घरचं एकही नाही. थोरल्या मुलीच्या, म्हणजे आमच्या सुजाताच्या लग्नात वरपक्षाने हट्ट धरला की लग्न ठाण्यातच आणि एसी हॉलमध्येच. (तो वरपक्ष म्हणजे आम्ही. ऐन मुहूर्ताला एसी बंद पडला, ही गोष्ट वेगळी.) अण्णांनी तेव्हा मान डोलावली. पण गेली पंधरा वर्षं मी लॉनवर पाय ठेवला की ते हिरवळीकडे एकदा बघतात आणि माझ्याकडे एकदा बघतात.

यंदा धाकट्या वैशालीचं जमलं. मुलगा घोडबंदर रोडचा, बत्तिसाव्या मजल्यावरचा. त्याचे वडील फोनवर म्हणाले, "हॉल आम्ही बघून ठेवलाय. पण तुमची इच्छा आहे तर रविवारी चारला येतो, लॉन बघतो, मग फायनल करू."

हे कळायच्या तीन महिने आधीच, जमवाजमव सुरू असतानाच, अण्णांनी मला कामाला लावलं होतं. "जावईबापू, तुम्ही कंपनीत परचेसला आहात. काशिनाथच्या ढकलमशीनने या टोकाचं कापून होईपर्यंत त्या टोकाचं वाढतं. एक चांगलं मशीन बघा. ही शेवटची पोर आहे माझी. हिचं तरी लग्न आपल्या गवतावर लागू दे."

आता मी परचेसला आहे हे खरं. पण कोलशेतच्या आमच्या कंपनीसाठी मी वीस वर्षं फक्त पुठ्ठ्याची खोकी घेत आलोय. गवताशी माझा संबंध म्हणजे गॅलरीतली तुळस आणि एक कोरफड. हे अण्णांना सांगायला हवं होतं. पण जावई झाल्यावर माणसाला 'मला येत नाही' हे वाक्य विसरायला होतं.

मी एकोणीस रकान्यांचा तक्ता केला. इंजिन, पात्यांची रुंदी, टाकी, सीट, चढावर चालतं का, सगळं. शेवटी ठरवलं, घ्यायचं तर व्यावसायिक दर्जाचं झिरो टर्न! यात स्टीअरिंग नसतं. दोन दांडे असतात, एकेका मागच्या चाकाला एकेक. दोन्ही पुढे ढकलले की मशीन सरळ जातं. एक पुढे आणि एक मागे केला की जागच्या जागी गर्रकन वळतं. हे मी अण्णांचा माळी काशिनाथ याला अर्धा तास समजावलं. त्याने विडी विझवली आणि विचारलं, "साहेब, जाग्यावर फिरून काय करायचंय? गवत तर सगलीकडं हाय!"

मी त्याच्याकडे दुर्लक्ष केलं. (माझ्या आयुष्यातल्या बहुतेक आपत्तींची सुरुवात काशिनाथकडे दुर्लक्ष करण्यापासून झालेली आहे.)

दोन विक्रेत्यांशी बोललो. पहिल्याचा डेमो रविवारी सकाळी दहाला, दुसऱ्याचा बुधवारी. दोन्ही बघून निवड करायची. शिवाय रविवारच्या डेमोमध्ये अर्धं लॉन फुकट कापून निघणार आणि उरलेलं काशिनाथ दुपारपर्यंत उरकणार. चारला पाहुणे, समोर गालिच्यासारखी हिरवळ! माझ्या हुशारीवर मी स्वतःच खूश होतो.

रविवारी दहाला टेम्पोतून मशीन उतरलं. नारंगी, रुंद, पाठीमागे लोखंडी कमान. बरोबर विक्रेत्याचा माणूस, इस्त्रीच्या शर्टातले पाटणकर. ते पात्यांची माहिती द्यायला लागले, तोच सासूबाई ताट घेऊन आल्या.

"आई, हे काय?"

"पूजा नको? दारात नवी वस्तू आली."

"अहो, ही आपली नाही अजून! डेमो आहे. बघायचं आणि परत द्यायचं."

"परत द्यायचं तेव्हा द्या. पूजेशिवाय माझ्या अंगणात चाक फिरायचं नाही."

पाटणकरांनी क्षीण आवाजात "मॅडम, तेवढं कुंकू पेंटला..." असं सुरू केलं, पण तोवर बॉनेटवर स्वस्तिक उमटलेलं होतं. चाकांखाली लिंबं गेली. नारळ फुटला. खरी झेंडूची फुलं सुकतात म्हणून सासूबाईंनी मंडपवाल्याचा प्लास्टिकचा हार आणला, नायलॉनच्या दोरीत ओवलेला, आणि तो उजव्या दांड्यापासून मागच्या कमानीपर्यंत छान गाठ मारून बांधला. मी ते बघितलं. मला वाटलं, वा, शोभतोय!

"पाटणकर, चालवून दाखवा," अण्णा म्हणाले.

"असं कसं?" सासूबाई म्हणाल्या. "पहिली फेरी जावयाच्या मानाची!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. 'मला येत नाही' हे वाक्य मी पुन्हा विसरलो. मी सीटवर चढलो. सासूबाईंनी मला ओवाळलं आणि बजावलं, "पहिली फेरी पुरी होईपर्यंत उठायचं नाही हं. ओवाळलेल्या माणसाने मध्येच उठलं की कार्य अडतं." आणि मग हळूच म्हणाल्या, "वैशूचं कार्य आहे."

नेमकी त्याच वेळी फाटकातून पांढरी गाडी आत आली. पाहुणे! चारच्या ऐवजी साडेदहाला! घोडबंदरच्या ट्रॅफिकला घाबरून ती मंडळी सकाळी नऊलाच निघालेली, आणि त्या रविवारी जन्मात पहिल्यांदा घोडबंदर मोकळा होता. समोर पोटरीपर्यंत गवत. अण्णांचा चेहरा पांढराफटक पडला. ते माझ्याजवळ येऊन कुजबुजले, "जावईबापू, निदान पुढची पट्टी तरी कापा. माझी लाज राखा."

मी इंजिन सुरू केलं, पाती सोडली, देवाचं नाव घेतलं आणि दोन्ही दांडे पुढे ढकलले.

डावा गेला. उजवा जाईना! हाराची दोरी ताणली गेली, सीटला हिसका बसला, माझा उजवा हात निसटला आणि ताणलेल्या दोरीने उजवा दांडा कमानीकडे मागे खेचला. एक पुढे, एक मागे. मशीनने व्यावसायिक दर्जाची गिरकी घेतली.

पहिल्या गिरकीत मला अण्णा दिसले, दुसरीत पाहुणे गाडीतून उतरताना दिसले, तिसरीत गवताचा फवारा त्यांच्याकडे जाताना दिसला. पुढे मोजायचं मी सोडलं. घाबरून मी डावा दांडा आणखी घट्ट आवळला, त्यामुळे वेग वाढला.

"साहेब, उठा!" पाटणकर ओरडत होते. "सीटवरून उठलात की इंजिन बंद होतं! आपोआप!"

"उठू नका हो!" सासूबाई किंचाळल्या. "ओवाळलंय!"

"उठा!"

"उठाल तर बघा!"

"अहो, उठा ना!" हा सुजाताचा आवाज. पण तोपर्यंत माझं तोंड तिच्याकडून पुन्हा रेल्वे लाइनकडे वळलेलं होतं. खोटं कशाला सांगू, मी खरोखर घाबरलो होतो. गरगरत होतं, आणि डोक्यात एकच विचार होता. पंधरा वर्षांपूर्वी अण्णांचं एक लग्न मी या गवतावरून उठवलं, आता दुसरंही मीच उठवतोय. निदान सीटवरून तरी उठायचं नाही! मी डोळे मिटले आणि बसून राहिलो.

शेवटी काशिनाथ शांतपणे मागून आला, आणि हातातल्या विळ्याने कमानीजवळची दोरी त्याने एका फटक्यात कापली. दचकून माझा डावा हात सुटला, दांडे आपोआप मधोमध आले आणि मशीन थांबलं. खाली अगदी वर्तुळाकार, मातीपर्यंत भादरलेलं टक्कल तयार झालेलं. भोवती दोन एकर गवत जसंच्या तसं.

नवरदेवाचे वडील पुढे आले. भुवयांत गवत, खांद्यावर गवत, चष्म्याच्या काचेवर लिंबाची फोड. अण्णांनी हात जोडले.

"एक विचारू?" पाहुणे मला म्हणाले. "तो गृहस्थ उठा उठा म्हणत होता. तुम्ही उठला का नाहीत?"

"आईंनी नको सांगितलेलं," मी म्हणालो, आणि खाली उतरून कुंपणापाशी जाऊन ओकलो.

परत आलो तर पाहुणे हसत होते. खो खो, चष्मा काढून. "अहो अण्णासाहेब, आमच्या टॉवरमध्ये सासूने पाणी मागितलं तर जावई अ‍ॅप उघडतो! लग्न इथेच करू. फक्त त्या दिवशी ह्यांना खाली बसवा."

अण्णांनी हिरवळीकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा बघितलं, आणि पंधरा वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडू यायला लागलं. थोडं चक्करेमुळेही असेल.

पाटणकर ओल्या फडक्याने स्वस्तिक पुसायला गेले, तर सासूबाईंनी त्यांचा हात धरला. "ओवाळलेली वस्तू दारातून परत जात नाही." झालं! बुधवारचा डेमो रद्द. माझ्या एकोणीस रकान्यांत कुंकवाचा रकाना नव्हता.

लग्न थाटात लागलं. स्टेज या वेळी कोपऱ्याऐवजी बरोबर त्या टकलावर बांधलं, आणि बाकीचं लॉन काशिनाथने त्याच मशीनवरून, एका हाताने, विडी न विझवता कापलं. आहेराच्या वेळी अण्णांनी माइकवरून माझं नाव पुकारलं. शेला दिला, टोपी घातली, नारळ दिला आणि वर लाल रिबीन बांधलेला एक कोरा विळा हातात ठेवला.

"जावईबापू, हा मी स्वतः निवडलाय," ते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले. "हाही जागच्या जागी वळतो, आणि बसल्या जागेवरून उठावं लागत नाही."

तो विळा आता घरी आमच्या गॅलरीत, कोरफडीच्या वर टांगलेला आहे. कोरफड मात्र सुजाताच कापते.