आडनाव विचारायचं नाही

आमच्या ग्रुपची पहिली मीटिंग टाऊन हॉलच्या बागेत भरली, तेव्हा आम्ही सात जण हातात एक वाघ, दोन गुलाब, एक गुटगुटीत बाळ आणि तीन सिनेनट घेऊन उभे होतो. म्हणजे त्यांच्या प्रिंटा. आमची ओळख इंटरनेटवरच्या एका साइटवरची, आणि तेव्हा तिथं स्वतःचा फोटो लावायची कुणाची छाती नव्हती, बायकांची तर नाहीच. मग एकमेकांना ओळखायचं कसं? मी कम्युनिटीवर टाकलं, आपापलं प्रोफाइलचं चित्र छापून आणा. वाघ होता तो एका निवृत्त बँकवाल्या काकांचा. बागेतल्या माळ्यानं त्यांना गाठलं आणि विचारलं, "पावणं, सर्कस आलीया व्हय?"

काका माझेच विद्यार्थी. मी राजारामपुरीत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. सकाळी पहिली बॅच यायच्या आधी तासभर मशीन आणि इंटरनेट माझं. त्या तासात मी कोल्हापूरकरांची कम्युनिटी काढली. सहा महिन्यांत तिथं एवढी माणसं जमली, की नुसतं लिहून कुणाचं पोट भरेना. पांढरा रस्सा तांबड्याच्या आधी घ्यायचा की नंतर, यावर दोन इंजिनिअरिंगची पोरं तीन आठवडे भांडत होती. म्हटलं, समोरासमोर बसा आणि मिटवा एकदाचं. अशी आमची महिन्याच्या पहिल्या रविवारची मीटिंग सुरू झाली. सगळे मला 'अ‍ॅडमिनबाई' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

नियम एकच होता आणि तो मी केला होता. आडनाव विचारायचं नाही. कोल्हापुरात माणूस भेटला की तिसऱ्या वाक्याला आडनाव निघतं. कुठलं तुम्ही, आडनाव काय, म्हणजे त्यातले काय, असं करत करत माणूस तुम्हाला नेमक्या खणात ठेवून मोकळा होतो. आमच्या ग्रुपात ते चालणार नव्हतं. साइटवर जे नाव, तेच इथं. आणि चुकून कुणी विचारलंच, तर दंड. पुढच्या मीटिंगला सगळ्यांसाठी भडंग आणायचं. लोकांना नियम फार आवडला. "एकदम पुरोगामी काम हाय की हे!" असं काका म्हणाले, आणि पहिला दंड त्यांनीच भरला. सवयच ती, जाता जात नाही.

सगळ्यांना मी सांगायचे, इथं माणूस त्याच्या लिहिण्यावरून ओळखला जावा म्हणून हा नियम. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं. आमचं घर बौद्ध. आमचं आडनाव असं, की ऐकलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. शाळेपासून मी एक गोष्ट बघत आले होते. आडनाव सांगितलं की समोरच्या चेहऱ्यावर अर्धा सेकंद काहीतरी हलतं, आणि मग माणूस आधीपेक्षा जास्त गोड बोलायला लागतो. क्लासमधल्या एक बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, "अगं, तुझ्याकडं बघून वाटत नाही हो!" कौतुकच करत होत्या बिचाऱ्या. त्या दिवशी डबा तसाच घरी परत आला. तर तो अर्धा सेकंद मला माझ्या बागेत नको होता. महिन्यातून दोन तास तरी नको.

तिसऱ्या की चौथ्या मीटिंगला तो आला. प्रोफाइलवर नावाच्या जागी त्यानं नुसतं एक टिंब टाकलं होतं. म्हणून पोरांनी त्याचं नाव टिंबराव ठेवलं. चित्र होतं यंत्रमागाचं, तेही हललेलं. कबनूरला मागावर होता. शनिवारची रात्रपाळी करून सकाळी इचलकरंजीची एसटी धरायचा आणि स्टँडपासून बागेपर्यंत चालत यायचा. डोळे लाल, शर्टाच्या कॉलरवर सुताचं पांढरं, पण भांग पाडलेला. फोन नव्हता त्याच्याकडं. इचलकरंजीत एका नेट कॅफेत बसून तो लिहायचा.

त्याचं बोलणं म्हणजे आरडाओरडा. आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं, हळू बोलणं त्याला जमायचंच नाही. "नमस्कार अ‍ॅडमिनबाई!" म्हटलं की झाडावरचे कावळे उठायचे. पोरं त्याची नक्कल करायची, तोही हसायचा. पण लिहायला बसला की हा माणूस इतका हळू कसा होतो, याचं मला नवल वाटायचं. माझ्या स्क्रॅपबुकात, म्हणजे साइटवरच्या माझ्या निरोपांच्या पानावर, रोज दोन ओळी. इंग्रजी अक्षरांत मराठी, सगळी लहान अक्षरं. एकदा लिहिलं होतं, आज पाळीत चार वेळा लाइट गेली, लाइट गेली की माग थांबतात आणि चिमण्या ऐकू येतात, मालकाचं नुकसान होतं पण मला बरं वाटतं. एकदा लिहिलं, आज धागा तुटला तेव्हा तुमची आठवण आली, कारण माहीत नाही. आणि लगेच खाली दुसरा स्क्रॅप, वरचं चुकून पाठवलं.

चुकून! मी त्या दिवशी बॅचला माउस कसा धरायचा ते दोनदा शिकवलं.

दीड वर्षं हे चाललं. मी क्लासचं कुलूप पंधरा मिनिटं आधीच उघडायला लागले. घरी आई म्हणायची, एवढ्या सकाळी कसली आलीय बॅच? रविवारी तो बाकाच्या टोकाला बसायचा, मी मधे. आम्ही दोघं वेगळं असं कधी काही बोललो नाही. एकदा गगनबावड्याला ग्रुपची सहल गेली. धुक्यात दहा पावलांवरचा माणूस दिसेना, तेव्हा सगळ्यांना एकत्र ठेवायला त्याचाच आवाज उपयोगी पडला. जीपमध्ये तो माझ्या समोर बसला होता आणि पूर्ण रस्ताभर खिडकीतून बाहेर बघत होता, जिथं धुक्याशिवाय काही नव्हतं. मला तेवढं पुरत होतं. आज वाटतं, कसं पुरत होतं?

मग तो रविवार. मीटिंग संपत आली होती, माणसं उठायला लागली होती. तो माझ्याजवळ आला. मान खाली. त्यानं माझ्या कानाशी येऊन, त्याच्या हिशेबानं अगदी हळू, विचारलं, "अ‍ॅडमिनबाई, तुमचं आडनाव काय वो?"

ते अख्ख्या बागेनं ऐकलं. माळ्यानंसुद्धा.

आणि मग जो गलका उठला! "दंड! दंड!" पोरं बाकावर चढून टाळ्या पिटायला लागली. "टिंबराव, भडंग!" तो कानापर्यंत लाल झालेला. माझ्याकडं बघत होता. मी हसून सोडून देऊ शकत होते. म्हणू शकत होते, चला, स्टँडपर्यंत येते तुमच्याबरोबर. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी काय आलं तर, हासुद्धा. दीड वर्षं रोज लिहून शेवटी यालाही तेच पाहिजे. राग माझ्या नाकावर असतोच, तो तिथून जिभेवर उतरला.

"नियम माहीत आहे ना?" मी म्हटलं. क्लासात पोरांना बोलायचे तसल्या आवाजात. "पुढच्या वेळी तीन किलो भडंग. आणि लोकांच्या जातीपातीच्या चौकशा करायच्या असतील तर हा ग्रुप तुमच्यासाठी नाही."

पोरांच्या टाळ्या थांबल्या. तो म्हणाला, "तसं न्हाय वो." एवढंच. ते मात्र खरोखरच हळू म्हणाला. पहिल्यांदा.

महिनाभर स्क्रॅपबुकात काही आलं नाही. मीही लिहिलं नाही. माझं काय चुकलं होतं? पुढच्या पहिल्या रविवारी तो आला. हातात भडंगाची मोठी पिशवी, तीन किलो पुरेपूर, लसूण घातलेलं, वर वेगळ्या पुडीत शेंगदाणे. माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "दंड दिला." सगळ्यांनी पेपरावर ओतून घेतलं. चांगलं होतं. मीही खाल्लं, हात तिखट होईपर्यंत खाल्लं. त्यानं दाणासुद्धा तोंडात टाकला नाही. थोडा वेळ टोकाला बसला आणि एसटीची वेळ झाली म्हणून गेला. दोन दिवसांनी त्याचं प्रोफाइल गेलं होतं. माझ्या स्क्रॅपबुकात ओळी तेवढ्या राहिल्या, कुणी लिहिल्या ते न सांगणाऱ्या.

त्या दिवसांत काका पुण्याला होते. लेकीचं बाळंतपण होतं. चार-पाच महिन्यांनी परत आले, बागेत आले, इकडं तिकडं बघितलं आणि मला म्हणाले, "काय अ‍ॅडमिनबाई, पेढे कुठायत?"

"कसले पेढे?"

"अवो, टिंबरावाचं काय झालं मग? मी जायच्या आधी माझ्याकडं आलतं ते पोरगं. म्हणालं, काका, घरात विषय काढायचा हाय, पर आई पहिलं आडनाव विचारंल, अन् मला तर तेच म्हाईत न्हाय. कुणाला इचारू? मी म्हटलं, कुणाला कशाला, तिलाच इचार की सरळ."

मी बाकावर बसले. काकांना सगळं सांगायला मला पाच मिनिटं लागली, तेवढ्यात त्यांनी तीन वेळा चष्मा पुसला. शेवटी मी विचारलं, "त्याचं आडनाव काय होतं, काका?"

"ते मी न्हाय इचारलं," काका म्हणाले. "नियम तुमचाच की."

त्यांनी ते टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. इमानदारीनं पाळला होता नियम, माझ्याच माणसांनी. दीड वर्षात बागेतल्या एकालाही त्याचं आडनाव माहीत नव्हतं, खरं नाव माहीत नव्हतं. मी शोध घेतला. साइटवर टिंब शोधायला गेलं की काय निघतं, ते मी आज सांगू शकते. काहीच निघत नाही.

पुढच्या आठवड्यात रजा टाकली आणि कबनूरला गेले. एसटीतून उतरल्या उतरल्या मागांचा आवाज अंगावर आला. गल्लीच्या गल्ल्या, प्रत्येक घरातून, प्रत्येक शेडमधून तो खडखडाट. असला आवाज हा माणूस रोज ऐकत होता आणि मला चिमण्यांबद्दल लिहीत होता. एका चहाच्या गाड्यावर उभी राहिले. चहावाला मुसलमान म्हातारा होता, दाढी मेंदीनं रंगवलेली. त्याला विचारलं, इथं मागावर एक जण आहे, कॉम्प्युटरवर बसतो, इचलकरंजीच्या नेट कॅफेत जातो.

"नाव काय?" तो ओरडला. तिथं सगळं ओरडूनच बोलावं लागत होतं.

"माहीत नाही."

"आडनाव?"

"तेही नाही."

त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. "मग वळख काय त्येची?"

मी जरा विचार केला. "मोठ्यानं बोलतो," मी म्हटलं.

गाड्यावरची चार माणसं खो खो हसली. "बाई, हितं हळू बोलणारा दावा की एखादा!" एक जण म्हणाला. मलाही हसू आलं आणि त्याच्याबरोबरच रडूही आलं. म्हाताऱ्याला काय समजलं कोण जाणे. तो म्हणाला, "तुमचं नाव तरी सांगून ठिवा. कोण इचारत आलंच, तर मी सांगीन. पुरं सांगा, आडनावासकट."

मी सांगितलं. पहिल्यांदा हळू सांगितलं, ते त्याला ऐकू गेलं नाही. मग ओरडून सांगितलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. भर चौकात, चार अनोळखी माणसांसमोर.

"बरं," म्हातारा म्हणाला आणि गाळणी झटकून पुढचा कप भरायला लागला. अर्धा सेकंद नाही, काही नाही. एवढ्याचीच मी इतकी वर्षं भीती धरली होती. टिंबरावाच्या चेहऱ्यावर ते हललं असतं का? नसतं, असं मला वाटतं. असतं तरी मला ते बघायचं होतं. त्याला सांगून, त्याच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं होतं.

पाळी सुटली. माणसं बाहेर पडली, सगळी मोठमोठ्यानं बोलणारी. मी दोन एसट्या सोडल्या आणि तिसरीत बसले.

ग्रुप आणखी वर्षभर चालला. मग लोक दुसऱ्या साइटवर गेले. तिथं सगळ्यांनी खरी नावं लावली, आडनावासकट, स्वतःच्या फोटोंसकट, आणि बागेत यायचं कुणाला कारण उरलं नाही. मीही तिथं पूर्ण नावानं आहे, पहिल्या दिवसापासून.

आणि बँकेत, दवाखान्यात, कुठंही कुणी आडनाव विचारलं, की मी ते गरजेपेक्षा जरा मोठ्यानंच सांगते. काउंटरवरची पोरगी दचकते. दचकू दे. रांगेत मागं कोण उभं असेल, काय सांगावं.